मेले कुठे, हरले कुठे : सायलेंटसोबत असेन्शन 14 ते 20

9 जून 2024

सिअ‍ॅटलच्या मेगा क्रिट या छोट्या कंपनीचा ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांच्या पानांनी शत्रूंशी लढत तीन अंकांचा मनोरा मजल्यामजल्याने चढण्याचा संगणकीय खेळ जानेवारी 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. मी त्याच्या नादी बरीच उशिरा लागले. सायलेंट हे पात्र घेऊन असेन्शन 13 पर्यंतची चढण कशीबशी पार केली आणि 14 वर सलग अकरा डाव हरून बसले. ही वही त्या अकराव्या पराभवानंतर घातली आहे. असेन्शन 20 जिंकेपर्यंत ती चालू ठेवण्याचा विचार आहे.

ज्यांना असेन्शनचा, म्हणजे अवघडपणाच्या वीस पायऱ्यांचा, हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक पायरी जिंकली की पुढची उघडते आणि मागच्या साऱ्या अडचणी तशाच सोबत येतात. पायरी 10 पासून कॅटमध्ये एक शापित पान असते, जे कधीच काढता येत नाही. पायरी 11 पासून औषधाच्या तीनऐवजी दोनच कुप्या बाळगता येतात आणि 14 वर सायलेंटचे कमाल आरोग्य 70 वरून 66 वर येते. खेळणाऱ्यांच्या तोंडी डेक, कार्ड आणि रन हे शब्द असतात, पण आमच्या घरी पत्ते कुटताना कॅट, पान आणि डाव असेच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरले आहेत.

वहीत दोन रकाने आखले आहेत. पहिला ‘मेले कुठे’, त्यात मजल्याचा आकडा लिहायचा. दुसरा ‘हरले कुठे’, त्यात ज्या निर्णयानंतर डाव हातातून गेला तो निर्णय आणि त्याचा मजला लिहायचा. खेळ स्वतःच प्रत्येक डावाचा मजलेवार इतिहास जपून ठेवतो. दुसरा रकाना मी तो पाहून दुसऱ्या दिवशीच भरणार आहे, कारण हरल्या हरल्या माणूस फक्त नशिबाला दोष देतो.

16 जून

डाव 1 ते 4. चारही हरले, त्यांपैकी दोन एकट्या ग्रेम्लिन नॉबने खाल्ले, सातव्या आणि आठव्या मजल्यावर.

नॉब हा पहिल्या अंकातला एलिट, म्हणजे साध्या शत्रूंहून बलाढ्य शत्रू. आपण स्किल प्रकारातले, म्हणजे थेट हल्ला न करता बचाव किंवा डावपेच साधणारे पान खेळलो की त्याची ताकद दर वेळी 2 ने वाढते. सायलेंटची बहुतेक चांगली पाने नेमकी स्किल प्रकारातली आहेत. डिफेंड, बॅकफ्लिप, डेडली पॉयझन आणि ब्लेड डान्ससुद्धा त्यातच मोडतात. डाव 2 मध्ये मी घाबरून ब्लॉकवर ब्लॉक घालत राहिले. सात स्किल खेळून झाल्यावर 16 चा त्याचा साधा हल्ला 30 वर गेला होता. ज्या भिंतीच्या आड मी लपत होते, तीच भिंत त्याला पोसत होती.

दुसऱ्या रकान्यात ‘मजला 2’ आणि ‘मजला 4’ असे लिहावे लागले. दोन्ही ठिकाणी डॅगर थ्रो समोर असताना मी तो सोडून बॅकफ्लिप घेतला होता, कारण मागे जिंकलेल्या डावांत बॅकफ्लिपने मला तारले होते. आता ठरवले आहे की सहाव्या मजल्यापासून एलिट भेटू लागतात, तोवर थेट मार देणारी किमान तीन पाने हातात असलीच पाहिजेत, मग ती पुढे कितीही निरुपयोगी ठरोत. आणखी एक बारकावा सापडला. नॉब पहिल्या फेरीत फक्त डरकाळी फोडतो आणि त्याचा तो राग त्यानंतरच लागू होतो, म्हणून विष किंवा कमजोरी लावायची असेल तर ती पहिल्याच फेरीत लावून घ्यावी.

30 जून

डाव 6 चा पराभव मी विस्ताराने लिहिते आहे, कारण तसाच पराभव मी गेल्या वर्षभरात वीसेक वेळा तरी पत्करला असावा आणि एकदाही ओळखला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर कॅटॅलिस्ट मिळाले. शत्रूच्या अंगावरचे विष दुप्पट करणारे आणि सुधारल्यावर तिप्पट करणारे हे पान. ते दिसताक्षणी माझ्या डोळ्यांसमोर एक संपूर्ण कॅट उभा राहिला, ज्यात दर फेरीला विष सोडणारे फ्यूम्स आहेत, दोन डेडली पॉयझन आहेत आणि हृदयाला, म्हणजे खेळाच्या अगदी अखेरच्या शत्रूला, शंभर विष चढले आहे. प्रत्यक्षात तेव्हा माझ्याकडे विषाचे एकही पान नव्हते. पहिले विष मिळाले ते एकोणिसाव्या मजल्यावर. मधल्या सोळा मजल्यांत प्रत्येक लढाईत कधी ना कधी ते पान हातात येत राहिले आणि पाच पानांचा हात चार पानांचा करत राहिले. शून्याची दुप्पट शून्यच होते, हे कळायला गणित लागत नाही. तरीही मी ते पान दुकानात काढून टाकायला तयार नव्हते, कारण 75 नाणी मोजून स्वतःचीच चूक कबूल करणे जिवावर येत होते.

तेविसाव्या मजल्यावर गुलामांच्या मुकादमाने आणि त्याच्या दोन साथीदारांनी मिळून मला संपवले. तेव्हा हातात कॅटॅलिस्टही होते आणि डेडली पॉयझनही. एकाच्या अंगावर विषाची दुप्पट झाली, पण मारणारे तिघे होते. पहिला रकाना 23, दुसरा 3.

आता प्रत्येक पान घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारते की पुढच्या तीन मजल्यांवर जे भेटू शकतात त्यांच्यापैकी कोणाविरुद्ध हे पान कामी येईल. उत्तर सुचले नाही, तर तिन्ही पाने सोडून पुढे जाते. पाने सोडायला शिकण्यातच हे दोन आठवडे गेले.

14 जुलै

डाव 9 मध्ये असेन्शन 14 जिंकले आणि डाव 10 मध्ये लगेच 15 ही. दुसरा विजय निव्वळ दैवाचा होता आणि त्यात शिकण्यासारखे काहीच नाही.

28 जुलै

डाव 14, असेन्शन 16. या वहीतला आतापर्यंतचा सर्वांत सुंदर कॅट आणि सर्वांत लाजिरवाणा मृत्यू.

तीन ब्लेड डान्स, ब्लेड डान्समधून निघणाऱ्या शिव्हचा, म्हणजे छोट्या सुऱ्यांच्या पानांचा, मार वाढवणारे अ‍ॅक्युरसी, प्रत्येक पानामागे एक ब्लॉक देणारे आफ्टर इमेज आणि प्रत्येक पानामागे एक घाव देणारे अ थाउजंड कट्स. एका फेरीत चौदा-पंधरा पाने सहज पडत होती. दुसऱ्या अंकाचा बॉस मी पाच फेऱ्यांत लोळवला आणि पस्तिसाव्या मजल्यावर नकाशा उघडला, तर माथ्यावर तिसऱ्या अंकाचा बॉस टाइम ईटर.

टाइम ईटरसमोर आपण बारा पाने खेळलो की आपली फेरी तिथेच तोडली जाते आणि त्याची ताकद 2 ने वाढते. ही मोजणी फेरीगणिक शून्यावर येत नाही, ती पुढच्या फेरीत तशीच चालू राहते. मला हा नियम पाठ होता, पण पाठ असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत किती अंतर असते ते पन्नासाव्या मजल्यावर समजले. पहिल्या फेरीत सात पाने पडली. दुसऱ्या फेरीत पाचवे पान टाकताच घड्याळाचा ठोका पडला. हातात तीन शिव्ह आणि ब्लॉकचे एक पान तसेच राहिले. 8 चे तीन घाव घालण्याचा त्याचा बेत होता, ते वाढलेल्या ताकदीमुळे 10 चे झाले आणि 30 च्या माऱ्यासमोर माझ्याकडे जेमतेम पाचसहा ब्लॉक होता.

याहून मोठी चूक पुढे झाली. त्याचे आरोग्य 480 असते आणि ते निम्म्याखाली गेले की तो ते परत 240 वर आणतो आणि अंगावरच्या विष, कमजोरी अशा सर्व पीडा झटकून टाकतो. तो 251 वर असताना मी जोशात येऊन माझी सर्वांत मोठी खेळी केली आणि त्याला 150 वर आणले. पुढच्याच फेरीत तो पुन्हा 240 वर होता. जवळजवळ 90 चा मार मी वाऱ्यावर सोडला. शेवटी मी मेले तेव्हा त्याचे आरोग्य 61 उरले होते, म्हणजे तो वाया गेलेला मार हाताशी असता तर हा डाव माझा होता.

तरीही दुसऱ्या रकान्यात मी ‘मजला 38’ लिहिले आहे. बॉस कोण हे पस्तिसाव्या मजल्यापासून दिसत होते आणि तरी अडतिसाव्यावर मी तिसरे ब्लेड डान्स उचलले, कारण माझा कॅट शिव्हचा आहे असे मी स्वतःला सांगून ठेवले होते. तिथे लेग स्वीप समोर होते. दोन ऊर्जेचे जड पान, मोजणीत मात्र एकच.

ज्यांना हा बॉस छळतो त्यांनी कागदावर बारा रेघा मारून ठेवाव्यात आणि बारावे पान हे त्या फेरीत आपल्याला खेळायचे असलेले शेवटचेच पान ठरेल असे जुळवून आणावे. अकरावर थांबण्याची हुशारी करू नये, कारण मग पुढच्या फेरीत पहिल्याच पानाला ठोका पडतो.

11 ऑगस्ट

डाव 18 मध्ये असेन्शन 16 जिंकले. समोर पुन्हा टाइम ईटरच होता, पण या वेळी फेरीला सहाच्या वर पाने टाकलीच नाहीत. डॅश, प्रेडेटर, लेग स्वीप. रटाळ लढाई झाली आणि मला ती फार आवडली.

मधल्या डावांतल्या दोन गोष्टी नोंदवून ठेवते. डाव 16 मध्ये पहिल्या बॉसनंतर मी रूनिक डोम हे रेलिक, म्हणजे डावभर सोबत राहणारी वस्तू, घेतले. दर फेरीला एक ऊर्जा जास्त मिळते, पण शत्रू पुढे काय करणार हे दिसेनासे होते. सगळ्या शत्रूंच्या चाली मला तोंडपाठ आहेत असा माझा समज होता. एकविसाव्या मजल्यावर स्नेक प्लांट तीनदा चावणार की बीजाणू सोडणार, याचा अंदाज सलग दोनदा चुकला आणि तो समज तिथेच संपला.

दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो. पहिल्या अंकाचा बॉस हेक्साघोस्ट याच्याशी लढताना हात वाईट आला म्हणून मी मुख्य पडद्यावर गेले आणि परत आले. तसे केले की लढाई पहिल्यापासून सुरू होते, तीच पाने त्याच क्रमाने येतात आणि पुढचे माहीत असल्याने माणूस शहाण्यासारखा खेळतो. मी ती लढाई जिंकले आणि मग डाव सोडून दिला. तो या मोजणीत धरलेला नाही. अशा विजयाने पायरी उघडते, पण दुसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काही उरत नाही.

15 सप्टेंबर

असेन्शन 17. साधे शत्रूसुद्धा आता अवघड चाली खेळतात. डाव 19 ते 26, आठही हरले.

गणपतीसाठी गावी गेले होते. रात्री आरती आटोपल्यावर मेंढीकोटाचा डाव मांडला, त्यात थोरल्या काकांची जोडीदार होते. शेवटच्या हातासाठी म्हणून मी हुकमाची राणी दडवून ठेवली आणि तोवर समोरच्यांनी तिसरी मेंढी उचलली. काका पाने गोळा करता करता म्हणाले, “हुकूम हातात कुजवायचा नसतो गं.” मला एकदम डाव 24 आठवला.

त्या डावात एकोणतिसाव्या मजल्यावर बुक ऑफ स्टॅबिंग या एलिटशी लढताना माझ्याकडे दोन्ही कुप्या भरलेल्या होत्या, एक आगीची आणि एक ब्लॉकची. त्या बॉससाठी राखायच्या म्हणून तशाच ठेवल्या आणि त्या लढाईत 44 आरोग्य गमावले. बॉसपाशी 19 वर पोहोचले, कुप्या तिथे रीतसर वापरल्या आणि तिसऱ्या फेरीत मेले. आगीच्या कुपीचा मार 20 चाच, मग तो पुस्तकाला बसो की बॉसला. पुस्तकावर वापरली असती तर लढाई एक फेरी आधी संपली असती आणि त्या पुस्तकाचे घाव लढाई लांबेल तसे वाढत जातात, म्हणजे शेवटची फेरी सर्वांत महाग असते. शिवाय दोन्ही जागा भरलेल्या असल्यामुळे वाटेत मिळालेल्या आणखी तीन कुप्या मला सोडून द्याव्या लागल्या होत्या. हे इतिहास चाळताना ध्यानात आले. दोन कुप्या वाचवण्याच्या नादात मी पाच गमावल्या.

6 ऑक्टोबर

डाव 36 झाला, पायरी अजून 17. तीन विजय वगळता 33 पराभव जमले, म्हणून आज खेळायचे सोडून बेरीज केली. पहिल्या रकान्यात पहिल्या अंकातले मृत्यू 10, दुसऱ्या अंकातले 17, तिसऱ्यातले 6. दुसऱ्या रकान्यात हेच आकडे 24, 6 आणि 3 असे निघाले. सर्वांत जास्त मी दुसऱ्या अंकात मरते आहे, म्हणून गेले कित्येक महिने दुसऱ्या अंकातल्या शत्रूंचा अभ्यास करत होते. डाव मात्र त्याआधीच हरलेला असतो.

त्या 24 पैकी निम्म्याहून अधिक नोंदी शेकोटी आणि वाट यांविषयीच्या आहेत. आरोग्य जपण्यासाठी मी पहिल्या अंकात एलिट टाळत होते आणि दर शेकोटीला विसावा घेत होते. परिणामी दुसऱ्या अंकाच्या दारात मी धडधाकट, पण रिकाम्या हाताने उभी राहत होते. एलिट टाळला की रेलिक नाही, विसावा घेतला की पान सुधारत नाही.

हेक्साघोस्टचे गणित तर मी आजच पहिल्यांदा नीट मांडले. त्याचा दुसऱ्या फेरीतला सहा घावांचा मारा आपल्याच आरोग्यावर ठरतो. आरोग्याला 12 ने भागायचे, वरचा अपूर्णांक सोडायचा आणि 1 मिळवायचा, तेवढा एक घाव. 40 आरोग्याने गेले तर 4 चे सहा, म्हणजे 24, आणि उरतात 16. आधीच्या शेकोटीला 30 टक्क्यांचा विसावा घेऊन 59 वर गेले तर 5 चे सहा, म्हणजे 30, आणि उरतात 29. म्हणजे 19 चा विसावा हातात पडेपर्यंत 13 चा होतो. तेवढ्यासाठी मी न्यूट्रलाइझ किंवा फुटवर्क सुधारण्याची संधी सोडत आले होते.

पुढच्या डावांसाठी पहिल्या अंकात किमान दोन एलिट घेतल्याशिवाय वर जायचे नाही आणि आरोग्य निम्म्याच्या वर असेल तर शेकोटीला पानच सुधारायचे, असे ठरवले आहे. यामुळे पहिल्या अंकातले मृत्यू वाढणार याची कल्पना आहे. निदान ते लवकर उरकतात.

10 नोव्हेंबर

दिवाळीची सुटी कामी आली. डाव 38 मध्ये 17, डाव 43 मध्ये 18 आणि काल डाव 49 मध्ये 19 जिंकले.

मधला एक पराभव, डाव 41. दुसऱ्या अंकाचा बॉस चॅम्प, आरोग्य 440. तो निम्म्यावर आला की टाइम ईटरसारखाच अंगावरचे सारे झटकतो आणि वर पिसाळतो. मी त्याला 34 विष चढवले तेव्हा तो 226 वर होता. पुढे काय झाले ते सांगायला नको. विषाच्या कॅटने या दोघांसमोर कॅटॅलिस्ट राखून ठेवावे, निम्म्याचा उंबरठा हलक्या पानांनी ओलांडावा आणि त्याचे झटकून झाले की मगच विष चढवावे. कुप्यांबाबत मी वर जे लिहिले त्याच्या हे उलट वाटेल, पण इथे राखण्याला ठरलेला मुहूर्त आहे, तिथे नव्हता.

डाव 49 चा शेवटचा बॉस अवेकन्ड वन. आपण पॉवरचे, म्हणजे लढाई संपेपर्यंत परिणाम टिकणारे, पान खेळलो की पहिल्या रूपात त्याची ताकद वाढते, पायरी 19 वर तर 2 ने. माझ्याकडे रेथ फॉर्म होते. त्याने दोन फेऱ्या प्रत्येक घाव 1 वर येतो, पण पुढे दर फेरीला चपळता, म्हणजे ब्लॉक वाढवणारा गुण, घटत जाते. सोबत एक एन्शंट पोशन होते, जे आपल्यावर येणारी एक पीडा परतवते. पहिले रूप एकही पॉवर न खेळता, नुसत्या हल्ल्यांवर आणि लेग स्वीपवर संपवले. तो पुन्हा उभा राहिला, मग आधी कुपी प्यायले आणि नंतर रेथ फॉर्म टाकले. कुपीने ती चपळतेची घट परतवली. 14 आरोग्यावर जिंकले. तो कॅट सुंदर नव्हता, शिव्हच्या कॅटजवळ ठेवला तर अगदी गबाळा दिसेल.

24 नोव्हेंबर

असेन्शन 20. तिसऱ्या अंकाच्या शेवटी एकामागून एक दोन बॉस, मध्ये विसावा नाही आणि नकाशावर फक्त पहिला दिसतो. सहा डाव, सहा पराभव. डाव 53 मध्ये दुसऱ्या बॉसपर्यंत 12 आरोग्याने पोहोचले आणि दुसऱ्या फेरीत मेले. बाकीचे पाच पहिल्या दोन अंकांतच संपले, पण दोन्ही रकान्यांतले अंतर आता तीन-चार मजल्यांवर आले आहे. चूक केली की तिची शिक्षा लगेच मिळते आणि त्यामुळे ती दिसते तरी.

15 डिसेंबर

डाव 61. जिंकले.

कॅट 24 पानांचा. नॉक्शस फ्यूम्स, दोन फुटवर्क, मॅलेझ, पिअर्सिंग वेल, लेग स्वीप, बॅकफ्लिप, सुधारलेले कॅटॅलिस्ट, आणि शेवटपर्यंत न निघालेले तीन स्ट्राइक. कॅटॅलिस्ट या वेळी फ्यूम्स मिळाल्यानंतर घेतले होते.

पहिला बॉस डोनू आणि डेका ही जोडी. या पायरीवर दोघांच्याही अंगावर पहिल्या तीन पीडा परतवणारे कवच असते, म्हणून विषाच्या कॅटला ही जोडी जड जाते असे मी धरून चालले होते. पण फ्यूम्स एकदा खेळले की दर फेरीला आपोआप दोघांवर विष सोडते. तीन फेऱ्यांत दोघांचीही तिन्ही कवचे त्याने फुकट सोलून काढली आणि तोवर मी फक्त ब्लॉक घालत बसले. ती लढाई 31 आरोग्यावर संपली.

पडदा बदलला आणि समोर टाइम ईटर उभा. हात क्षणभर थांबला. मग बारा रेघा मारलेला जुलैमधला कागद वहीतून काढला. फ्यूम्स पडले की पुढे विष वाढवायला पान लागत नाही, त्यामुळे फेरीला चारपाच पानांतच भागत होते आणि ठोका अडीच-तीन फेऱ्यांनी एकदा पडत होता. तो निम्म्याखाली गेला, 240 वर परतला, विष झटकले गेले. तिथपर्यंत कॅटॅलिस्ट दोनदा हातात येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा मी ते न खेळता जाऊ दिले होते. नंतर फ्यूम्सने पुन्हा 12 पर्यंत विष चढवले, तेव्हा कॅटॅलिस्ट टाकून 36 केले आणि मॅलेझ आणि वेलने त्याचे घाव बोथट करत राहिले. शेवटचे घाव विषानेच घातले. माझे आरोग्य 9.

एकूण 61 डाव, 7 विजय आणि सुमारे 58 तास, त्यांत रकाने भरण्याचे तास धरलेले नाहीत. पैशाचा खर्च खेळ विकत घेतला तेवढाच. हृदयापर्यंत जाण्यासाठी लागणाऱ्या तिन्ही किल्ल्या मी एकाही डावात गोळा केल्या नाहीत, त्यामुळे हृदयाशी गाठ पडलेली नाही. ते या वहीचे काम नव्हते.

आज सवयीप्रमाणे डाव 61 चा इतिहासही चाळला. पहिल्या रकान्यात रेघ मारली. दुसऱ्यात ‘मजला 23’ लिहिले. तिथल्या दुकानात मी जवळची बहुतेक नाणी देऊन नाइटमेअर विकत घेतले होते, कारण पुढे कधी रेथ फॉर्म मिळाले तर त्याच्या तीन प्रती करता येतील असा विचार होता. रेथ फॉर्म मिळाले नाही. नाइटमेअर दोन्ही बॉससमोर मिळून पाच वेळा हातात आले आणि एकदाही खेळता आले नाही.